बसावयाची जागा



पत्रिकेवर 'विमानतळावरील लाउंज' हा विषय आणि त्याखाली आमचे नाव पाहून पुष्कळांना वाटले असेल की, आयुष्यभर गेटसभा घेणाऱ्या माणसाला हे काय सुचले! त्याचे असे झाले. दिल्लीला एका बैठकीस तातडीने जावयाचे होते, गाडीचे आरक्षण मिळेना, म्हणून मुलीने विमानाचे तिकीट काढून दिले. एवढ्यावर ती थांबली नाही. आपल्या क्रेडिट कार्डाचे एक पुरवणी कार्ड तिने आमच्या नावे घेऊन ठेवले होते. ते आमच्या खिशात घालीत म्हणाली, "बाबा, बाहेर चहाला शेकड्यांनी पैसे घालवू नका. हे दाखवा आणि लाउंजमध्ये निवांत बसा."

मुंबईच्या विमानतळावर पट्टा-पाकीट काढून तपासणी झाली आणि आम्ही त्या दाराशी गेलो. तेथेही रांग होतीच. दारावरील मुलीने कार्ड यंत्रात घातले, दोन रुपये कापले आणि आत सोडले. दोन रुपये! एसटी स्थानकावर याहून अधिक मोजावे लागतात, तेही कशासाठी ते आपण जाणताच. आत गालिचा, मंद दिवे, पाठ टेकली की झोप यावी अशा खुर्च्या. पोहे, इडली, छोले, केक, चहा-कॉफीचे यंत्र. खोटे कशाला बोलावे? आम्हाला ते आवडले. पोहे आम्ही दोनदा घेतले. चळवळीतल्या माणसाने चांगल्या खुर्चीला नावे ठेवावीत असे आम्ही कधीही मानलेले नाही. ती थोड्यांनाच का, एवढेच आमचे भांडण.

परंतु दोन रुपयांत पोहेसुद्धा होत नाहीत, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. मग पैसे भरतो कोण? प्रत्येक पाहुण्यामागे ठरलेली रक्कम कार्ड देणारी बँक किंवा कार्डाची कंपनी चालकाला पोचवते. बँकेकडे ती कोठून येते? थोडी वार्षिक फीमधून, थोडी ज्यांची उधारी महिनाअखेर फिटत नाही त्यांच्या व्याजातून, आणि थोडी दुकानदाराकडून. कार्डावर शंभर रुपयांचा माल विकला की दुकानदाराच्या हाती शंभर पडत नाहीत. साधारण दीड-दोन रुपये वाटेतच कापले जातात. तो काही धर्मादाय उघडून बसलेला नाही. तो ते भावात मिळवतो, आणि भाव तर सर्वांना एकच. नोटा मोजून साबण घेणाऱ्या बाईलाही तोच. अमेरिकेत बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील तीन अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये हा हिशेब मांडला. तिकडे रोखीने खरेदी करणारे एक कुटुंब वर्षाला सरासरी 149 डॉलर नकळत कार्डवाल्यांना देते, आणि कार्डवाल्या कुटुंबाच्या पदरात 1,133 डॉलर पडतात, असे त्यांना आढळले. आपल्याकडचा आकडा काय असेल तो असो. गणिताची रीत तीच.

विमान कंपनीच्या लाउंजची सुरुवातही अमेरिकेतलीच. अमेरिकन एअरलाइन्सने 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अशी पहिली खोली उघडली. तेथे आमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. आज आमंत्रण कार्ड देते, आणि कार्डाला खर्च दाखवावा लागतो. 2024 पासून आपल्याकडील कित्येक बँकांनी अट घातली की, आधीच्या तिमाहीत अमुक हजारांची खरेदी झाली असेल तरच आत बसावयास मिळेल.

एवढे मनात घोळत असताना एक मुलगा आमची बशी उचलावयास आला. विशी-बाविशीचा, बोलण्यावरून मराठवाड्याचा. आम्ही विचारले, "केव्हापासून उभा आहेस रे?"

"सकाळी सहापासून, काका."

"अधूनमधून बसतोस की नाही?"

त्याने आधी छताकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "बसायची परवानगी नाही. कॅमेरा आहे. जेवणाच्या अर्ध्या तासात बसतो, खाली."

शंभर-दीडशे खुर्च्यांची ती खोली. निम्म्या रिकाम्या. आणि खोली कशाची, तर बसावयाची!

मंडळी, आम्हाला येथे स्वतःची आठवण झाली. नववीत शाळा सुटली आणि आम्ही यंत्रमागावर उभे राहिलो. बारा तासांची पाळी. बॉबिनची रिकामी पेटी उलटी करून क्षणभर टेकायचो, मुकादमाची चाहूल लागली की उठायचो. पुढे सार्वजनिक वाचनालयात कायद्याची पुस्तके चाळताना 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 44 सापडले. उभ्याने काम करणाऱ्या कामगारासाठी, सवड मिळेल तेव्हा विसावता यावे म्हणून, बसण्याची सोय ठेवलीच पाहिजे, असे त्यात लिहिलेले. आम्ही ते पान हाताने उतरवून घेतले आणि मालकापुढे ठेवले. मालक हसला. एकच शेड कागदावर दोन नावांनी तोडलेली होती. कायदा दारातच थांबला. आमची संघटना त्या हसण्यातून उभी राहिली, असे म्हटले तरी चालेल.

दुकाने-हॉटेलांना तर ते कलम लागूच नव्हते. केरळात कोझिकोडच्या मिठाई गल्लीत कापडदुकानांतल्या बायकांना दिवसभर उभे राहावे लागे, आणि शौचालयाचीही सोय नसे. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र आणले. पुष्कळ वर्षे झगडून 2018 मध्ये केरळ सरकारला दुकान-कायद्यात बसण्याचा हक्क घालावा लागला. 2021 मध्ये तामिळनाडूनेही तो दिला. आपण महाराष्ट्राचे लोक कामगार चळवळीचा इतिहास मोठ्या अभिमानाने सांगतो. या बाबतीत मात्र दाक्षिणात्य भगिनींच्या मागे राहिलो.

आता चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत. त्यांच्यावर आमचे आक्षेप पुष्कळ आहेत, ते पुन्हा केव्हा तरी सांगू. पण सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद आहे, आणि ती कारखान्यापुरती नाही. म्हणजे त्या मुलाच्या बाजूने कायद्याचा कागद आहे. मग अडते कोठे?

आम्ही त्याला विचारले, "तू कोणाचा कामगार?" त्याने लाउंजचे नाव सांगितले. गळ्यातल्या पट्ट्यावर मात्र तिसऱ्याच ठेकेदाराचे नाव. सगळी गोम येथे आहे. झाडलोट व साफसफाईच्या कामात कंत्राटी कामगार नकोत, असा हुकूम केंद्र सरकारने 1976 मध्ये आपल्या अखत्यारीतील इमारतींपुरता काढला होता. त्याच्या आधारे एअर इंडियाचे सफाई कामगार मुंबईहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि 1996 मध्ये जिंकले. त्यांना कायम करा, असा निकाल झाला. 2001 मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो निकाल फिरवला. कंत्राट बंद झाले तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले. तेव्हापासून खुर्ची कोणी द्यावयाची हे विचारायला जावे, तर एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

आम्ही उठून सुपरवायझरला गाठले. म्हटले, त्या खांबाआड एक स्टूल ठेवा, पाहुण्यांना दिसणारही नाही. तो सभ्य माणूस. म्हणाला, "साहेब, तुमचे खरे आहे. पण मीसुद्धा सकाळपासून उभा आहे."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. इतकी वर्षे भाषणे करून नव्हते. आम्ही परत आलो, पण त्या खुर्चीत काही बसवेना. उभ्यानेच चहा संपवला. विमानाची घोषणा आत होत नाही, असा फलक होता. वेळ झाल्याचे सांगावयास तो मुलगाच आला. आम्ही आपला क्रमांक कागदावर लिहून त्याच्या हाती दिला. त्याने तो घडी करून बुटात ठेवला, खिशात नाही.

दाराशी येऊन म्हणाला, "काका, परत कधी येणार?"

आम्ही म्हटले, "पोरीने या तिमाहीत पुरेशी खरेदी केली, तर पुढच्या तिमाहीत."

तो हसला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. त्याचा फोन अकराव्या दिवशी आला. तो एकटा नव्हता. चौघे बोलत होते.