हिरवा चारा पिशवीत

आपल्या परभणीकडं साठवणीचा चारा म्हणजे ज्वारीचा कडबा. त्याची गंज कशी लावायची हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण नुसत्या कडब्यावर मे महिन्यात म्हशीचं दूध आटतं, आणि कडबाही संपला की म्हैस बाजारात न्यावी लागते. व्यापाऱ्याला आपली अडचण दिसते, तो पाडून मागतो.

म्हणून पावसाळ्यात मका हिरवा असतो तेव्हाच मुरघास करा. दाणा नखानं दाबल्यावर दूध निघालं की मका कापायचा. कुट्टी इंचभराची. ती मुठीत आवळून पाहा. पाणी ठिबकलं तर थोडी सुकू द्या; हात नुसता ओलसर झाला तर बरोबर.

मग पिशवीत अर्धा फूट थर घालायचा, पायानं तुडवायचा, पुन्हा थर. सगळं काम या तुडवण्यात आहे. आत हवा राहिली की बुरशी आलीच. एकटीनं होत नाही, गटानं करा, आणि भरली त्याच दिवशी तोंड घट्ट बांधा. उंदरांवर लक्ष ठेवा, मेले भोकं पाडतात.

४५ दिवसांनी उघडा. आंबूस-गोड वास आणि पिवळसर हिरवा रंग म्हणजे जमलं. बुरशीचा भाग फेकून द्या, गाभण जनावराला तर मुळीच नको. आधी दोन-तीन किलो कडब्यात मिसळून द्या, मग हळूहळू १५ किलोपर्यंत. म्हणजे एका म्हशीला १०० दिवसांसाठी ५०० किलोच्या ३ पिशव्या. धार काढून झाल्यावरच घाला, नाहीतर दुधाला वास लागतो.