आधीं पाया, मग घर



कोल्हापुराहून पंचगंगा ओलांडली, कीं पुणें-बंगळूर हमरस्त्यालगत शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. तेथील फौंड्र्यांत लोखंडाचा रस ओतला जातो. आणि प्रत्येक ओताचा हीट नंबर व तपासणीचा दाखला कार्यालयांतील सर्व्हरवर नोंदण्याची आतां रीत आहे. पुढें एखादें अंग तडकलें, तर गिऱ्हाईक तोच दाखला मागतें. ती नोंद एकाच हार्ड डिस्कवर असली आणि नेमकी तीच बंद पडली, तर कारखानदारानें उत्तर काय द्यावें?

यावरील उपायास 'रेड' म्हणतात. १९८८ सालीं बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं तो मांडला. त्याचें तत्त्व शाळकरी मुलासही समजेल. ७, ५ आणि ९ यांची बेरीज २१. ही बेरीज चौथ्या पाटीवर लिहून ठेविली, तर मधला ५ पुसला तरी तो वजाबाकीनें परत मिळतो. यंत्राचें गणित निराळें. तत्त्व मात्र हेंच.

२ टेराबाइटच्या ४ डिस्कचा 'रेड ५' केल्यास ६ टेराबाइट जागा मिळते व एक डिस्क गेली तरी भागतें. 'रेड ६' मध्यें ४ टेराबाइटच उरतात, परंतु दोन गेल्या तरी चालतें. 'रेड ०' मध्यें वेग आहे, रक्षण नाहीं.

ही निवड विंडोज वा लिनक्स बसविण्यापूर्वींच करावी. सर्व्हर चालूं होतांच पडद्यावर रेड कंट्रोलरची सूचना क्षणभर झळकते. तींत सांगितलेली कळ दाबावी. नव्या यंत्रांत ही सोय बहुधा यूईएफआय सेटअपमध्यें असते. तेथें डिस्कचा समूह रचावा आणि मग त्यावर प्रणाली बसवावी. समूह नव्यानें रचतांना जुना मजकूर नाहींसा होतो, म्हणून आधीं पाया, मग घर. प्रणाली बसवितांना डिस्क दिसलीच नाहीं, तर घाबरूं नये; बहुधा कंट्रोलरचा ड्रायव्हर द्यावा लागतो.

तथापि रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली नोंद सगळ्या समूहांतूनच जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ हाच हमरस्ता पाण्याखालीं गेला होता. असें पाणी कार्यालयांत शिरलें, तर एका पेटींतील चारी डिस्क एकदमच बुडतील. तेव्हां रोजची एक प्रत दूर, उंचावर असूं द्या. आणि महिन्यांतून एकदां ती उघडून पाहा. वाचतां न येणारी प्रत ऐन वेळीं कामास येत नाहीं.