राखून न ठेवलेला डाव

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी मसाटच्या कारखान्यात पाळ्या करणारा माणूस. पाळीतून मोकळा झालो की संध्याकाळी मुलांना कराटे शिकवतो. भाषणाची सवय नाही. पण बाप्पा विद्येची देवता आहे, त्याच्यासमोर विद्या कशी द्यावी यावर चार शब्द बोलतो.

आपल्याकडे म्हणतात, वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो. शिष्य उलटला तर कामाला यावा म्हणून. आपण हे कौतुकाने सांगतो. मला मात्र वाटते, मोठे गुरू मोठे झाले ते राखलेल्या डावामुळे नव्हे, देऊन टाकलेल्या डावांमुळे. याचे उदाहरण लांब नाही. वापीला गाडीत बसले की काही तासांत वडोदरा येते, तिथले आहे.

सयाजीराव महाराजांच्या वडोद्यात जुम्मादादा नावाचे मुसलमान उस्ताद होते. त्यांच्या आखाड्यात एक मराठी मुलगा तयार झाला. तेच पुढे राजरत्न प्रोफेसर माणिकराव म्हणून ओळखले गेले. जुन्या आखाड्यात विद्या एका गुरूकडून एका शिष्याकडे जाई. माणिकरावांनी ती रांगेत उभ्या असलेल्या अनेकांना एकदम देता येईल अशी बसवली. इंग्रजी हुकमांच्या जागी आपल्या भाषेतले हुकूम आणले. हाडे आणि सांधे बसवण्याची विद्याही त्यांना अवगत होती. जो मार शिकवतो त्याला उपचारही यायला हवा. म्हणजे गुरूच्या आखाड्यात त्यांनी बरेच बदलले. पण संस्थेला नाव कोणाचे? जुम्मादादा व्यायाम मंदिर. पद्धत स्वतःची, पाटी गुरूची. शिष्याने गुरूचे ऋण कसे मानावे, याचा याहून सोपा धडा मला माहीत नाही.

माणिकरावांकडे 1907 ते 1910 या काळात एक तरुण शिकला. जगन्नाथ गणेश गुणे, जन्म 1883 सालचा, वडोद्याजवळच्या डभोईचा. पुढे नर्मदाकाठी माळसरला परमहंस माधवदासजींकडे त्यांना योगाची दीक्षा मिळाली. एका गुरूने सांघिक कवायत दिली, दुसऱ्याने एकांतातली साधना. या शिष्याने दोन्ही एकत्र आणले. आसन-प्राणायामाने शरीरात नेमके काय होते, हे प्रयोगशाळेत तपासायला घेतले आणि शाळेतल्या मुलांनी एकत्र करावेत असे योगाचे व्यायामही बसवले. 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले. हेच स्वामी कुवलयानंद. गुरूने सांगितलेले तपासून पाहणे हा त्यांनी गुरूचा अपमान मानला नाही.

माझ्या कराटेची गोष्टही अशीच आहे. ओकिनावा बेटावर ही विद्या गुपचूप, बहुधा रात्री शिकवत. गिचिन फुनाकोशी लहानपणी आझातो या गुरूंच्या अंगणात रात्री सराव करत. एकच काता महिनोन् महिने करायचा, पुढचा मागायचा नाही. त्यांचे दुसरे गुरू इतोसू. त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही विद्या शाळेत नेली आणि मुलांना झेपतील असे पाच काता तयार केले. फुनाकोशी स्वतः शाळामास्तर होते. 1922 साली ते कराटे घेऊन टोकियोला गेले. आमच्या वर्गातली मुले 'हेयान शोदान' करतात ना, तो इतोसूंच्या त्या पाचांपैकीच. गुपित राखले असते, तर मसाटच्या मुलापर्यंत काय पोचले असते?

आता माझ्या दोन गुरूंविषयी. पहिले गावच्या तालमीतले वस्ताद. नव्या पोराला ते आधी हौद्यातली माती उकरायला लावत. त्या मातीत ताक, लिंबू, हळद, तेल कालवलेले असे. ती मऊ नसेल तर पडणाऱ्याला लागते. जोडीदाराला इजा होऊ नये ही पहिली जबाबदारी, डाव नंतर, हे त्यांनी एकही वाक्य न बोलता शिकवले. दुसरे माझे कराटेचे सर. ते वर्षभरात आम्हाला नवख्या मुलांसमोर उभे करत आणि म्हणत, "आता तू शिकव." शिकवताना कळते की आपल्याला किती येते. आज माझ्या वर्गात मूल आधी पडायला शिकते, मग मारायला, ते वस्तादांमुळे. आणि जुने मूल नव्याचा हात धरून उभे करते, ते सरांमुळे. माझे स्वतःचे त्यात फारसे काही नाही.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. आमच्या वर्गात मराठी, गुजराती, हिंदी, ओडिया बोलणारी मुले आहेत, वारली घरांतलीही आहेत. हुकूम जपानी असतो, म्हणून तो सगळ्यांना सारखाच परका आणि सारखाच आपला. पण आपण सगळे नोकरीची माणसे. कारखाना हलला, बदली झाली, की घर हलते. उद्या मी इथून गेलो तर वर्ग बंद पडावा का? एका माणसावर उभा असलेला वर्ग म्हणजे राखून ठेवलेला डावच. तो त्याच्याबरोबर संपतो.

म्हणून मंडळाला विनंती आहे. मोठ्या मुलांपैकी, त्यात मुलीही आल्या, चार-पाच जणांना शिकवायला शिकवू या. रविवारी सकाळी मंडळाची जागा द्या. मी पाळी बदलून येईन. आणि पालकांनो, मूल घरी आले की "कुठला पट्टा मिळाला?" असे जरूर विचारा, पण त्याबरोबर "आज कोणाला शिकवलेस?" हेही विचारा. पट्टा कमरेला राहतो, शिकवलेले दुसऱ्याच्या अंगी उतरते.

बाप्पाला आपण दर वर्षी निरोप देतो तो पुढच्या वर्षी येण्याच्या बोलीवर. गुरूचेही तसेच असावे. तो गेला तरी वर्ग भरावा.

गणपती बाप्पा मोरया!