आयटीआय पाहिजे, पण जमिनीच्या बदल्यात नाय
(शिबिरात झालेलं भाषण)

साथींनो,

मागच्या बैठकीत एका बाईनं विचारलं, "साहेब म्हणतो, जमिनीची केस सोडून दे, तुझ्या पोराला आयटीआयला लावतो. काय करू?" आज त्याचंच उत्तर शोधू.

आधी पैसा बघू. केंद्र सरकारनं १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना काढली. १९५६ पासून या संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला, १ एप्रिल १९६९ पासून पैशाचा कारभारही आला. म्हणजे हिशेब मंत्रालयाला विचारायचा. दिल्लीकडे बोट दाखवलं तर ऐकायचं नाय. पुढं पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना आली. लोकसंख्येच्या प्रमाणात आदिवासींचा पैसा वेगळा काढायचा, हे तिचं तत्त्व. तेव्हा आयटीआय ही कुणा साहेबाची मेहरबानी नव्हे.

पण यात एक गोम होती. २०१७ पर्यंत नवी इमारत, नवी यंत्रं 'योजने'त बसायची. पंचवार्षिक संपली की चालू संस्थेचा खर्च 'योजनेतर' खात्यात जायचा. पगार तर द्यावाच लागायचा, मग ओढाताण व्हायची ती दुरुस्तीची आणि कच्च्या मालाची. वेल्डिंगचा रॉडच नसेल तर पोरगा काय शिकणार? फळ्यावर चित्र काढून वेल्डिंग येत नाय. म्हणून नुसती इमारत बघून खूश होऊ नका. विचारा: जागा किती, भरल्या किती, शिकवणारे किती, मालाला रुपये किती?

दुसरी गोष्ट. वेल्डरला घ्यायला पोरगा आठवी पास लागतो. आपली पोरं त्याआधीच शाळा सोडतात. का? पावसाळा सरला की आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरंही मागोमाग जातात. आईबाप का जातात? घरी जमीन नाय म्हणून. म्हणजे जमीन असेल तर पोर गावात राहील, शाळेत टिकेल, मग आयटीआयला पोचेल. साहेब जमीन सोडायला सांगतो, म्हणजे आयटीआयची वाटच तोडतो.

१९७४ चा कायदा सांगतो, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेली आदिवासीची जमीन परत मिळू शकते. त्यात आयटीआयची अट कुठंच नाय.

तर बाई, पोराचा अर्ज भरा. आणि केसची तारीखही चुकवू नका. दोन्हीकडे आम्ही बरोबर येऊ.

जिंदाबाद!