चॅनल तुझं, पण खातं कुणाच्या नावावर?

आजचा भाग आपल्या बीडमधल्या त्या पोरापोरींसाठी, जे रात्री पांघरुणात दुसऱ्यांची रील्स बघतात आणि सकाळी स्वतःचं एखादं टाकतात.

जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं. त्याच वर्षी इन्स्टावर रील्स आलं, यूट्यूबवर शॉर्ट्स आलं, सगळे तिकडं सरकले. कुणाचा तरी डायलॉग लावायचा, आपण ओठ हलवायचे. मजा येते, येऊ द्या. पण मला भारी वाटतं ते शेजारच्या नगर जिल्ह्यातलं काम. सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचं ‘आपली आजी’ चॅनल. आपल्याला आजी दिसते, तिची पावभाजी दिसते, कारल्याची भाजी दिसते. कॅमेरा आणि अपलोड सांभाळणारा नातू यश तेव्हा जेमतेम १७ वर्षांचा. आणि तेच चॅनल २०२० मध्ये हॅक झालं! काही दिवसांनी परत मिळालं म्हणून बरं.

आता पैशाचं बघा. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे हवेत तर १००० सबस्क्रायबर, आणि वर्षभरात ४००० तास बघितलं गेलं पाहिजे. किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. एवढं जमलं तरी १८ पूर्ण नसतील तर पैसे आई-वडील किंवा पालकांच्या खात्यातूनच येणार. एडिटिंग करून देणारा ‘दादा’ म्हणाला, “माझंच खातं जोड, नंतर हिशोब करू,” तर थांबा. हिशोब दुसऱ्याच्या वहीत असला की काय होतं, हे आपल्याकडं शिकवावं लागत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेल्या कोयत्याला विचारा.

अजून एक गोची आहे, ती आपल्याकडचीच. जीमेल बऱ्याचदा मोबाईलच्या दुकानात काढलेलं असतं, आणि नंबर वडिलांचा. दसऱ्यानंतर वडील ऊसतोडीला कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात. इकडं खातं अडकतं, तिकडं फडात ओटीपी येतो, आणि फोनला चार्जिंग नसतं. अशा वेळी पोरगं नवीन खातं काढतं, जुने व्हिडिओ गेले ते गेलेच.

त्यामुळं हा भाग संपला की सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरी नंबर कुणाचा आहे ते बघा. घरी राहणाऱ्या आजीचा किंवा काकूचा टाका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. बॅकअप कोड मिळतील, ते वहीत लिहा. फोनमध्ये नको, फोनच हरवला तर काय करणार?