एक नर, अनेक रूपांच्या माद्या : आफ्रिकेच्या अरण्यांतील अनुकारक फुलपाखरे

(वन्यजीव सप्ताहानिमित्त शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामविकास कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वन्यजीव सप्ताहात वाघाविषयी आणि वृक्षतोडीविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज फुलपाखरांविषयी, आणि तीही आफ्रिकेतील, बोलणार आहे. मी कला शाखेचा पदवीधर. कीटकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि नोंद आणि वर्गवारी हा आपणा सर्वांच्याच नित्याचा विषय आहे. केवळ बाह्य रूप पाहून नोंद केली असता केवढा घोटाळा होतो आणि तो निस्तरण्यास किती खटाटोप करावा लागतो, याचे इतके बोधप्रद उदाहरण अन्यत्र माझ्या वाचनात आलेले नाही.

आपल्याकडे रुईच्या झाडावर वाढणारे एक तांबूस-नारिंगी फुलपाखरू सर्वांनी पाहिले असेल. त्याचे शास्त्रीय नाव डॅनॉस क्रिसिपस. ते संथपणे, जणू कोणाची भीती नसल्यासारखे उडते. रुईच्या चिकात विष असते. ते सुरवंटाच्या अंगात साठते आणि पुढे फुलपाखरातही उतरते. एकदा त्याची चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस सहसा जात नाही. आता याच रंगाचे, याच नक्षीचे, परंतु अंगी विष नसलेले दुसरे फुलपाखरू शेजारी उडू लागले, तर त्यालाही संरक्षण मिळते. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या अरण्यात अकरा वर्षे काढल्यानंतर १८६२ साली हा सिद्धांत मांडला. या प्रकारास अनुकृती म्हणतात. ज्याची नक्कल होते तो ‘आदर्श’ आणि जो नक्कल करतो तो ‘अनुकारक’, अशा संज्ञा मी पुढे वापरीन. दोन विषारी जातीही एकमेकींसारख्या होतात आणि पक्ष्यांना धडा शिकविण्याचा खर्च वाटून घेतात, हे पुढे फ्रिट्झ म्युलर यांनी दाखविले. त्या खोलात आज शिरत नाही.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस आफ्रिकेत फुलपाखरांच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत. सिएरा लिओनपासून गिनीच्या किनाऱ्याने काँगोच्या खोऱ्यात आणि तेथून युगांडा व पश्चिम केनियापर्यंत सदाहरित अरण्याचा एक रुंद पट्टा जातो. त्यापुढे पूर्वेस आणि दक्षिणेस अरण्य सलग राहत नाही. डोंगरमाथ्यांवर आणि समुद्रकाठी त्याचे तुकडे तेवढे उरतात. अनुकारक फुलपाखरांचा मुख्य संसार या पट्ट्यात आणि या तुकड्यांत आहे. यांतील पॅपिलिओ डार्डेनस या एकाच जातीची हकिकत मी विस्ताराने सांगणार आहे.

या जातीचे नामकरण १७७६ साली झाले. नर फिकट पिवळा, काळ्या काठाचा. मागील पंखांना शेपट्या. पुढे आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून युरोपातील संग्रहालयांत आणखीही फुलपाखरे येत गेली. एक काळेपांढरे, एक काळ्यावर पिवळसर ठिपक्यांचे, एक नारिंगी. शेपटी कोणासच नाही. प्रत्येकास स्वतंत्र जात समजून हिप्पोकून, सेनेआ, ट्रोफोनियस अशी नावे देण्यात आली. एकाच खातेदाराच्या घरातील चार माणसे चार वेगळ्या गावांची रहिवासी म्हणून नोंदली जावीत, तसाच हा प्रकार झाला. कोणी जाणूनबुजून चूक केली नव्हती. संग्रहालयात टाचणीला टोचलेल्या कीटकावरून त्याचे कूळ सांगणे भाग होते आणि दिसेल ते लिहिले जात होते.

हा घोटाळा ओळखला तो रोलंड ट्रायमन यांनी. दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीच्या सरकारी नोकरीतील हे गृहस्थ. कचेरीचे काम सांभाळून ते फुलपाखरांचा अभ्यास करीत आणि पुढे केपटाउनच्या संग्रहालयाचे प्रमुख झाले. (सरकारी नोकराने फावल्या वेळात काय करावे याचे हे उत्तम उदाहरण आहे, असे मला व्यक्तिशः वाटते.) त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. त्या पिवळ्या फुलपाखराचे आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून आलेले सर्व नमुने नर होते. मादी कोणी पाहिलीच नव्हती. उलट त्या तथाकथित स्वतंत्र जातींचे सर्व नमुने माद्या होत्या. त्यांचे नर कोठेच नव्हते. ट्रायमन यांनी १८६९ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रतिपादन केले की, या सर्व एकाच जातीच्या माद्या होत आणि त्यांतील प्रत्येक रूप एका वेगळ्या विषारी फुलपाखराची नक्कल करते. काळेपांढरे रूप ॲमॉरिस नियावियसची, ठिपक्यांचे ॲमॉरिस एखेरियाची आणि नारिंगी रूप आपल्या रुईवरील डॅनॉस क्रिसिपसची.

विद्वानांना हे पटले नाही. विल्यम हेविटसन हे त्या काळचे मोठे इंग्रज संग्राहक. मादागास्करमधील या जातीची मादी हुबेहूब नरासारखी असताना मुख्य भूमीवरील नराने परस्परांहून इतक्या भिन्न माद्यांचा जनानखाना बाळगावा, ही कल्पना आपल्या आवाक्याबाहेरची आहे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. योगायोग असा की, फर्नांडो पो बेटावरून त्यांच्याच पगारी संग्राहकाने समागमाच्या अवस्थेत पकडलेली एक जोडी पाठविली. त्यातील नर पिवळा आणि मादी काळीपांढरी होती! १८७० नंतरच्या दशकात मॅन्सेल वील यांनी दक्षिण आफ्रिकेत एकाच झाडावरील सुरवंट पाळून त्यांतून पिवळे नर आणि ठिपक्यांच्या माद्या बाहेर आलेल्या दाखविल्या. पुढे एका मादीच्या अंड्यांपासून अनेक रूपांच्या मुली निपजतात, हेही सिद्ध झाले. दप्तरातील नोंद अखेर दप्तराबाहेर, झाडावर जाऊनच दुरुस्त झाली.

आता प्रसाराकडे वळू. या जातीच्या माद्यांचे रूप प्रदेशाप्रमाणे बदलते आणि ते तेथील आदर्शाच्या मागोमाग बदलते. पश्चिम आफ्रिकेत काळेपांढरे रूप प्रमुख. पूर्व किनाऱ्यावर तेच रूप आहे, परंतु तेथील आदर्शाच्या पंखांवर पांढरा भाग अधिक असल्याने अनुकारकाच्या पंखांवरही तो अधिक. व्हिक्टोरिया सरोवराभोवती प्लॅनेमॉइडिस नावाचे निराळेच रूप आढळते; ते अक्रिया गटातील एका जातीची नक्कल करते. अगदी दक्षिणेकडे ठिपक्यांच्या सेनेआ रूपाचे प्राबल्य. मादागास्करमध्ये मात्र सर्व माद्या नरासारख्या पिवळ्या व शेपटीच्या आहेत. इथिओपियाच्या डोंगराळ भागातही बहुसंख्य तशाच असून, ज्या थोड्या नक्कल करतात त्यांनीही शेपटी सोडलेली नाही.

आदर्श विरळ झाला की नक्कल सैल होते, ही बाब मला सर्वांत विचारणीय वाटते. युगांडातील एंटेबेच्या परिसरात आदर्श विपुल आहेत. तेथून गोळा केलेल्या अनुकारक माद्यांत अपुऱ्या नकलेच्या माद्या शेकडा ४ भरल्या. केनियात नैरोबीच्या बाजूस आदर्श फार थोडे. तेथे हेच प्रमाण शेकडा ३२ भरले. कारण उघड आहे. विषारी फुलपाखरू चाखून शहाणे झालेले पक्षीच जेथे कमी, तेथे नक्कल नेमकी असली काय आणि नसली काय!

हीच गोष्ट दुसऱ्या एका जातीच्या बाबतीत जी. डी. हेल कार्पेंटर यांनी पाहिली. हे डॉक्टर होते. त्से-त्से माशीमुळे होणाऱ्या निद्रारोगाच्या संशोधनासाठी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे त्यांची नेमणूक व्हिक्टोरिया सरोवरातील सेसे बेटांवर झाली होती. रोगामुळे माणसांना तेथून हलविण्यात आले होते आणि बेटे ओस पडली होती. तेथे त्यांना स्यूडॅक्रिया युरिटस ही जात विपुल आढळली. तिच्याही निरनिराळ्या रूपांना पूर्वी स्वतंत्र जातींची नावे मिळालेली होती. मुख्य भूमीवर ही रूपे एकमेकींपासून स्पष्ट वेगळी दिसतात. बेटांवर, जेथे आदर्श अनुकारकांपेक्षा कमी होते, तेथे मधल्या धेडगुजरी रूपांची रेलचेल होती. कार्पेंटर यांनी अंड्यांपासून पिढ्या वाढवून ती सर्व एकाच जातीची असल्याचे दाखविले. पुढे हे गृहस्थ ऑक्सफर्ड विद्यापीठात कीटकशास्त्राचे प्राध्यापक झाले. आदर्शांच्या नावांचाही गोंधळ कमी नाही. कार्पेंटर यांच्या वेळी प्लॅनेमा म्हणविणारी फुलपाखरे नंतर बेमाटिस्टेस झाली आणि आता अनेक शास्त्रज्ञ त्यांना अक्रिया या प्रजातीतच धरतात. जुनी पुस्तके वाचणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे.

मिमॅक्रिया नावाचा लहान फुलपाखरांचा गटही नकलेत तरबेज आहे. त्यांचे सुरवंट पाने खात नाहीत. झाडांच्या खोडावरील दगडफुलासारख्या वाढीवर जगतात. जुनी झाडे तोडून त्या जागी नवी लावली, तरी त्यांचे अन्न लगेच परत येत नाही, इतकेच येथे नमूद करतो.

आता या अभ्यासाचा माणसाला उपयोग काय, असे कोणी विचारील. पंचायतीत हा प्रश्न विचारला जातोच आणि तो विचारावाच. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे सिरिल क्लार्क नावाचे वैद्य छंद म्हणून फुलपाखरे पाळीत. १९५० नंतरच्या काळात फिलिप शेपर्ड या आनुवंशिकी-तज्ज्ञाच्या साहाय्याने त्यांनी डार्डेनसच्या निरनिराळ्या प्रदेशांतील रूपांचा संकर केला. पंखांची ही सारी नक्षी गुणसूत्रावरील एकाच ठिकाणाहून ठरते, असे त्यांना आढळले. एकत्र नांदणाऱ्या रूपांचा संकर केला, तर संततीत एकच रूप स्वच्छ उमटते. दूरदूरच्या प्रदेशांतील रूपांचा केला, तर मधलेच काही निपजते. माणसाच्या रक्तातील ऱ्हीसस गटाची आनुवंशिकता याच धर्तीची असावी, हे साम्य क्लार्क यांच्या लक्षात आले आणि ते त्या विषयाकडे वळले. आईचे रक्त ऱ्हीसस-ऋण आणि गर्भाचे ऱ्हीसस-धन असल्यास पुढील बाळंतपणात मूल दगावण्याचा धोका असे. तो टाळणारी ‘अँटी-डी’ ही सुई १९६० नंतरच्या दशकात ज्या दोन ठिकाणच्या संशोधनातून हाती आली, त्यांपैकी एक लिव्हरपूल व दुसरे न्यूयॉर्क. आज आपल्या रुग्णालयांतही गरोदर स्त्रीचा रक्तगट पाहून ती सुई दिली जाते.

केनियाच्या किनाऱ्यावरील अराबुको-सोकोके अरण्याच्या कडेला १९९३ साली ‘किपेपेओ’ प्रकल्प सुरू झाला. स्वाहिली भाषेत किपेपेओ म्हणजे फुलपाखरू. अरण्यालगतचे शेतकरी फुलपाखरांचे कोश वाढवितात आणि ते परदेशांतील प्रदर्शनांकडे विकले जातात. जंगल तोडून शेत करण्यापेक्षा ते राखण्यात दोन पैसे मिळतात, हे तेथील कुटुंबांना हिशेबानेच कळले.

हा सारा प्रकार पाहण्यास आफ्रिकेत जाण्याची आवश्यकता नाही. परसातल्या कढीपत्त्यावर व लिंबावर वाढणारे काळे फुलपाखरू, पॅपिलिओ पॉलिटिस, डार्डेनसचेच नातलग होय. त्याच्या काही माद्या नरासारख्या, तर काही ईश्वरीच्या वेलीवर वाढणाऱ्या विषारी फुलपाखरांसारख्या असतात. या जातीत मादीचे रूप डबलसेक्स नावाच्या जनुकावर अवलंबून असते, हे २०१४ साली कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ या पुस्तकामुळे कुंटे मराठी वाचकांस परिचित आहेतच. डार्डेनसमध्ये हेच काम एन्ग्रेल्ड या वेगळ्याच जनुकाच्या परिसरातून होते.

शिक्षकांना माझी सूचना आहे. पावसाळ्यात कढीपत्त्याच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे लहान सुरवंट शोधावेत, जाळीच्या खोक्यात रोज ताजी पाने घालून वाढवावेत, आणि कोश फुटल्यावर नर किती, नरासारख्या माद्या किती व तांबड्या ठिपक्यांच्या किती, हे तारीख व गाव यांसह विद्यार्थ्यांकडून वहीत लिहून घ्यावे. जवळपास ईश्वरीची वेल आहे किंवा नाही, त्यासाठीही त्या वहीत एक रकाना ठेवावा.