जुन्या मोटारसायकलचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळांच्या संबंधांत योजतों. हा जीर्णोद्धार दोन प्रकारांनीं होतो. एका प्रकारांत ढासळलेली भिंत मूळच्याच दगडांनीं पुन्हां रचतात, दरजा भरतात, आणि जें शाबूत आहे त्याला हात लावीत नाहींत. दुसऱ्या प्रकारांत काळ्या पाषाणाच्या मंडपाला तैलरंग फांसतात, चकचकीत फरशी बसवितात, आणि पाथरवटाच्या छिन्नीचा माग कायमचा बुजवून टाकतात. दोन्ही ठिकाणीं करणाऱ्यांची श्रद्धा सारखीच असते. परंतु पहिल्या कामानें देऊळ वांचतें आणि दुसऱ्यानें तें हरवतें. आज मला घरच्या घरीं दुरुस्त करावयाच्या जुन्या मोटारसायकलविषयीं बोलावयाचें आहे. पण प्रश्न तोच आहे.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं १९६८ सालची एक जावा मोटारसायकल घरीं आणली. कित्येक वर्षें ती एका वाड्याच्या जिन्याखालीं उभी होती. भंगारवाला तिची किंमत वजनावर करीत होता. दोन वर्षें फुरसतीप्रमाणें तिच्यावर काम केल्यावर जें ध्यानांत आलें, तें हौशी मंडळींच्या उपयोगीं पडेल असें वाटतें.

प्रथम या गाडीचें कुळ सांगतों. १९२९ सालीं चेकोस्लोव्हाकियांत फ्रान्तिशेक यानेचेक या कारखानदारानें वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले. आपलें नांव आणि त्या कंपनीचें नांव यांतील रोमन लिपीचीं पहिलीं दोन-दोन अक्षरें जोडून त्यानें ‘जावा’ हें नांव सिद्ध केलें. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूर येथें आयडियल जावा या कारखान्यांत ही गाडी तयार होऊं लागली. १९७३ पासून तिला ‘येझदी’ हें नांव मिळालें आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा हें नांव भारतीय बाजारांत पुन्हां आलें. परंतु या नव्या गाड्यांचीं इंजिनें फोर-स्ट्रोक, म्हणजे अगदीं निराळ्या जातीचीं आहेत. जुन्या गाडीचें इंजिन टू-स्ट्रोक. सिलिंडर एकच; त्याचा व्यास ६५ मिलिमीटर, पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर, म्हणजे घनफळ सुमारें २४९ घन सेंटिमीटर. सिलिंडर एक असून धुराच्या नळ्या मात्र दोन. गिअरचा दांडा आंत दाबून फिरविला कीं तोच किकचा दांडा होतो. ज्याची रचना इतकी काटकसरीची, तें यंत्र शिकावयास सोपें आणि बिघडवावयासही सोपें असतें.

म्हणून पहिला नियम असा, कीं पान्याला हात लावण्यापूर्वीं वही उघडावी. कोणती वायर कोठून कोठें जाते, कोणता वायसर कोणत्या बोल्टाखालीं होता, हें लिहून ठेवावें. आतां प्रत्येकाच्या खिशांतील फोनमध्यें कॅमेरा असतो. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं दोन बाजूंनीं छायाचित्र घ्यावें. मसाल्याच्या रिकाम्या डब्या घेऊन प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवावी आणि एका जागचे स्क्रू एकाच डबींत ठेवावे. सहा महिन्यांनीं पुन्हां जोडणी करतांना आपली स्मरणशक्ति साक्ष देत नाहीं, वही देते.

दुसरा नियम, गंजलेल्या नटाशीं भांडूं नये. घासलेट आणि ऑइल यांचें मिश्रण त्यावर सोडावें, हलकी ठोक द्यावी आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच करावें. तीन-चार दिवसांनीं बहुतेक नट सुटतात. सैल बसणारा पाना लावून जोर केला, तर नटाचे कोपरे गोल होतात आणि अर्ध्या तासाचें काम आठवड्यावर जातें.

येथें शाळेंतील एक पाठ उपयोगीं पडतो. इंजिनाचें कवच ॲल्युमिनियमचें असतें आणि त्यांत घट्ट बसविलेलीं बेअरिंगें पोलादाचीं असतात. तापमान १०० अंशांनीं वाढविलें, तर १०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा तुकडा सुमारें ०.२३ मिलिमीटर वाढतो आणि पोलादाचा त्याच्या निम्म्यानेंच. म्हणून कवच ठोकण्याऐवजीं तापवावें. म्हणजे बेअरिंग आपण होऊन सुटतें. याकरितां घरांतील भट्टी, म्हणजे ओव्हन, चालतो. मात्र कवच आधीं धुऊन निर्मळ आणि पूर्ण कोरडें केलेलें असावें. पेट्रोलचा वास शिल्लक असेल तर तें ओव्हनच्या जवळही नेऊं नये. शिवाय घरच्या माणसांची संमति आधीं घ्यावी, हें वेगळें सांगावयास नको.

आतां या इंजिनाच्या मर्माकडे येऊं. टू-स्ट्रोक इंजिनाचें खालचें कवच हें नुसतें पेटारें नसतें; तो एक पंप असतो. पिस्टन वर जातो तेव्हां पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण या कवचांत ओढलें जातें. पिस्टन खालीं येतो तेव्हां तें दाबलें जाऊन वर सिलिंडरमध्यें ढकललें जातें. म्हणून हें कवच हवाबंद असणें अत्यावश्यक आहे. क्रँकच्या दोन्ही टोकांशीं रबराचीं ऑइल सीलें असतात. गाडी वर्षानुवर्षें उभी राहिली कीं रबर कडक होऊन त्याला चिरा पडतात. डायनामोच्या बाजूचें सील गेलें, तर तेथून हवा शिरते. मिश्रण पातळ होतें. इंजिन सुरू होतें, पण त्याचा वेग आपोआप चढत जातो आणि सिलिंडर तापून पिस्टन चिकटण्याची वेळ येते. दुसऱ्या बाजूचें सील गेलें, तर गिअरचें ऑइल ओढलें जाऊन जळतें आणि मागें पांढऱ्या धुराचा लोट निघतो. अशा वेळीं बहुतेक हौशी मंडळी कार्ब्युरेटर धूत बसतात, कारण तो बाहेर असतो आणि हाताला लागतो. दोन रबरी कड्यांचा दोष मात्र आंत लपून राहतो. शाळेंतही जो मुलगा समोर दंगा करतो त्यालाच शिक्षा होते. मूळ खोडकर मागच्या बांकावर असतो.

याच कारणानें कवचाचे दोन भाग वेगळे करतांना फटींत पेचकस घालून उचकटूं नये. त्या मिळणीवर पडलेला एक ओरखडा पुढें हवेला वाट करून देतो.

तिसरा नियम आपल्या मर्यादेचा. घरीं काय करावें आणि कोणतें काम कारागिराकडे द्यावें, हें ठरवितां येणें हीच हौशी माणसाची खरी विद्या. झिजलेलें सिलिंडर मोजणें हें आपलें काम. तें बोअर करणें हें यंत्रशाळेचें. मी सिलिंडर घेऊन गेलों, तेव्हां तेथील वृद्ध मिस्त्रींनीं पहिलाच प्रश्न केला, “गुरुजी, पिस्टन बरोबर आणलात ना? भोंक पिस्टनच्या मापानें करायचं असतं, पुस्तकाच्या नाहीं.” नवा पिस्टन हातांत घेऊन त्यांनीं चार ठिकाणीं मोजला. पिस्टन वर आणि खालीं सारख्या मापाचा नसतो, वरचें टोंक अधिक तापतें म्हणून तें किंचित् लहान ठेवलेलें असतें, हें त्यांनीं मला दोन मिनिटांत समजावून दिलें. त्यांच्या हाताखालीं आतां शिकाऊ मुलगा नाहीं. जुन्या गाड्यांचें काम येत नाहीं, म्हणून मुलें टिकत नाहींत. आणि काम जाणणारे उरले नाहींत, म्हणून लोक जुन्या गाड्या मोडींत घालतात. या चक्रांत नुसतें लोखंड जात नाहीं. पन्नास वर्षांचें ज्ञान लिहून न ठेवतां जातें. त्या दिवसापासून माझ्या वहीचे दोन भाग झाले. एका भागांत गाडीची नोंद, दुसऱ्यांत मिस्त्रींनीं सांगितलेल्या गोष्टी. हौशी माणूस मिस्त्रीइतका कुशल कधीं होणार नाहीं. पण त्याला लिहितां येतें, आणि हें ऋण फेडण्याचा तोच एक मार्ग आहे.

गाडीची सांगाडी वेल्ड करणें, क्रँक सरळ करणें आणि ब्रेकला नवें अस्तर लावणें हींही कामें जाणत्याकडेच द्यावीं. ब्रेकविषयीं एक सूचना जिवाची आहे. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर आंतली धूळ फुंकूं नये किंवा कोरड्या ब्रशानें झाडूं नये. ती पाण्यानें भिजवून ओल्या फडक्यानें पुसावी आणि तें फडकें पिशवींत बांधून टाकावें. ती धूळ फुप्फुसांत गेली तर पुन्हां बाहेर येत नाहीं.

आतां टाकीकडे वळूं, कारण माझ्या पुढें खरा प्रश्न तिनेंच उभा केला. टाकी बाहेरून मूळच्या मरून रंगाची होती आणि तिच्यावर सोनेरी रेघ होती. जेथें स्वाराचे गुडघे टेकत तेथें रंग विरलेला, पण रेघ हातानें ओढलेली असल्यामुळें तिचा जाडपणा ठिकठिकाणीं निराळा दिसत होता. आंत मात्र गंजाचे पोपडे होते. रंगाऱ्यानें सांगितलें, कीं सर्व रंग खरवडून काढूं, आंतबाहेर साफ करूं आणि नवीसारखी करून देऊं. तें सोपें होतें आणि दिसावयास सुंदर झालें असतें.

परंतु आंतला गंज बाहेरच्या रंगाला न दुखवितां काढतां येतो. टाकी पुनःपुन्हां धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण घालवावा. ही पायरी गाळणें म्हणजे स्फोटाला निमंत्रण. मग तींत धुण्याच्या सोड्याचें पाणी भरावें. साध्या लोखंडाची एक कांब टाकीला कोठेंही न टेकेल अशी आंत सोडावी. बॅटरी चार्जरचें धन टोंक कांबेला आणि ऋण टोंक टाकीला जोडावें. गंज हळूहळू सुटतो आणि चांगलें लोखंड शाबूत राहतें. या क्रियेंत हायड्रोजन वायु निघतो, म्हणून हें उघड्या अंगणांत, विस्तवापासून दूर करावें. कांब स्टेनलेस स्टीलची मुळींच नसावी. तिच्यांतील क्रोमियममुळें पाणी विषारी होतें. मला चार दिवस लागले. टाकी स्वच्छ झाली आणि ती रेघ जशीच्या तशी राहिली.

पेट्रोलविषयींही सावध असावें. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट गाठलें गेलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें आणि जुन्या जातीचें रबर फुगवितें. म्हणून टाकीच्या नळ्या आणि वायसर आतांच्या पेट्रोलला टिकणारे घालावे, आणि गाडी महिनोन् महिने उभी राहावयाची असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे. सारें जुनें ठेवा असें माझें म्हणणें नाहीं, हें यावरून ध्यानांत येईल. सीलें, नळ्या, टायर, ब्रेकचें अस्तर, वायरी, हें सर्व नवें असावें. कारण त्यावर स्वाराचा आणि रस्त्यावरच्या दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो. पण ज्यावर कोणाचा जीव अवलंबून नाहीं आणि ज्यांत करणाऱ्याचा हात दिसतो, तें राखावें. माझ्या मतें जीर्णोद्धाराची सारी नीति एवढ्यांत येते.

कायद्याची दृष्टिही बरीचशी हीच आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनीं झालेलीं दुचाकी व चारचाकी वाहनें ‘विंटेज’ म्हणून नोंदविण्याची सोय केली. अट अशी, कीं वाहन मूळ स्वरूपांत राखलेलें असावें. सांगाडी, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशा वाहनाच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात आणि रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठीं तें वापरतां येत नाहीं. म्हणून गाडी घेण्यापूर्वीं कागदपत्रांवरचे इंजिनाचे व सांगाडीचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशीं ताडून पाहावे. आणि दुरुस्तींत ते आंकडे कधींही घांसूं नयेत.

खर्च किती येतो, असें मला नेहमीं विचारतात. पैशांच्या हिशोबांत हा व्यवहार बहुधा तोट्याचाच ठरतो. परंतु ज्या घरांत मिक्सर बिघडला कीं नवा येतो, त्या घरांतील मुलें एक यंत्र महिनोन् महिने उघडें पडलेलें पाहतात, पाना हातांत घेतात, आणि “हें असें कां चालतें?” असा प्रश्न विचारूं लागतात. शेजारच्या एका मुलीनें माझ्याकडचीं जुनीं सीलें मागून नेलीं. शाळेच्या प्रदर्शनांत टू-स्ट्रोकची प्रतिकृति मांडतांना तिनें तीं लावलीं.

श्रोते हो, आपल्यापैकीं अनेकांच्या जिन्याखालीं, परसांत किंवा गांवच्या घरीं असें एखादें यंत्र उभें असेल. मोटारसायकल नसेल तर शिवणयंत्र असेल, भिंतीवरचें घड्याळ असेल. तें वजनावर देण्यापूर्वीं एक वही घ्या, एका रविवारीं त्यावरची धूळ पुसा, आणि ज्यानें तें केलें त्याचा हात कोठें दिसतो का तें पाहा. तो दिसला, तर पुढें काय करावयाचें तें मीं सांगावयास नको.